रिजेक्ट नाना आणि चाकांवरचं घर

नव्या घरात पहिलं पाऊल टाकताना माणूस थोडा हळवा होतो. मी पाऊल टाकलं आणि घरच उठून उभं राहिलं.

झालं असं, की दुबईच्या अल क्वोज भागातल्या एका यार्डात नवीकोरी कॅराव्हॅन उभी होती. गाडीच्या मागे हुकाला अडकवून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. तिच्या कोपऱ्यांतले टेकूचे जॅक अजून खाली सोडलेले नव्हते. आत कोणी जाऊ नका, असं नाना बाहेर सांगत होते, आणि मी तोवर पलंग केवढा आहे ते बघायला थेट मागच्या टोकाला पोचलो होतो. माझ्या वजनाने मागची बाजू जमिनीला टेकली, पुढची वर गेली आणि मी पलंगावर उताणा पडलो. बाहेरून माझ्या बायकोचं, अनघाचं, हसू ऐकू आलं. त्यानंतर नानांचा शांत आवाज.

"एक टेस्ट आपोआप झाली. आता उठू नकोस, रांगत पुढे ये."

नाना म्हणजे मी दुबईत ज्या बांधकाम कंपनीत होतो, तिथले क्वालिटीचे मुख्य. झालेलं काम तपासायचं आणि पास करायचं किंवा फेटाळायचं, हा त्यांचा व्यवसाय. पास केलेलं फारसं कोणाला आठवत नसे, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव पडलं 'रिजेक्ट नाना'. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. खिशात कायम एक दिरहमचं नाणं असे. त्याने ते नव्या टाइल्स ठोकत चालत. टाइल ठण्ण वाजली तर पुढे. ठप्प वाजली की खाली सिमेंट पोकळ, टाइल उखडा. ही सवय साइटवरून थेट लोकांच्या दिवाणखान्यात आली. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा खुर्ची दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि मगच बसले. अनघाला ते लागलं. पाहुणे असं करतात का? मी म्हटलं, अगं, नाना स्वतःच्या लग्नाच्या पाटावरही असेच बसले असतील. पुढे डॉक्टर वहिनींनी सांगितलं, की खरंच तसेच बसले होते.

डॉक्टर वहिनी म्हणजे नानांची बायको. त्या दुबईपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या अल ऐनच्या एका हॉस्पिटलात, नाना दुबईत. दर गुरुवारी संध्याकाळी नाना अल ऐनचा रस्ता धरत आणि शनिवारी रात्रीपर्यंत परत येत. या शनिवार-रविवारी नव्हे, तिथल्या सुट्टीप्रमाणे शुक्रवार-शनिवारी संसारात त्यांची मुलगी वाढली, शिकली आणि कॅनडाला गेलीसुद्धा. वहिनींचा फ्लॅट हॉस्पिटलने दिलेला, नानांची खोली कंपनीने दिलेली. आपलं म्हणावं असं घर दोघांना कुठेच नव्हतं. पैसे नव्हते म्हणून नाही. नाना होते म्हणून.

दर उन्हाळी सुट्टीत ते पुण्यात फ्लॅट बघत. बिल्डर थंड पेय मागवायचा आणि नाना खिशातून नाणं काढायचे. एका फ्लॅटचा कोपरा काटकोनात नव्हता. एकाच्या बाथरूमचं पाणी मोरीकडे न जाता दाराकडे जात होतं. एका इमारतीच्या पायऱ्या समान उंचीच्या नव्हत्या. "म्हातारपणी पडू," नाना म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "पडायला का होईना, म्हातारपणी एक जिना तर असू दे." नानांनी तोही फेटाळला.

मग दुबईत ती तेजी आली. जो तो कागदावरचे फ्लॅट विकत घेऊ लागला. इमारत नाही, पाया नाही, नुसती वाळू आणि तिच्यावर लावलेला बोर्ड. मीही घेतला. ब्रोशर घेऊन नानांकडे गेलो आणि स्विमिंग पूल दाखवला, त्याच्या काठावर हसणारं कुटुंब दाखवलं. नानांनी सगळं नीट पाहिलं.

"भिंत कुठे आहे?"

"अजून बांधायचीय, नाना."

"मग ठोकू कशावर?" असं म्हणून त्यांनी ब्रोशरवरच नाणं ठोकलं. "कागद मात्र चांगला आहे."

२००८ संपता संपता मंदी आली आणि सगळ्या क्रेन एका जागी थबकल्या. माझा फ्लॅट ब्रोशरमध्येच राहिला. ते ब्रोशर आजही आमच्याकडे आहे आणि कागद खरोखरच चांगला आहे.

कंपनीत पत्रं वाटायला सुरुवात झाली. मला पगारकपातीचं मिळालं, नानांना निरोपाचं. नानांनी ते उभ्या उभ्या वाचलं. त्यात रुजू झाल्याची तारीख चुकली होती. त्यांनी लाल पेनने तिच्याभोवती गोल केला आणि पत्र एचआरला परत पाठवलं. दुरुस्त होऊन आलं तेव्हा सही करून घेतलं. त्यांनी रिजेक्ट केलेली कंपनीतली ती शेवटची वस्तू.

नाना अल ऐनला गेले. "आता मी डॉक्टरांच्या व्हिसावर," असं ते फोनवर सांगत, थट्टेच्या सुरात. वहिनींची अवस्था मात्र कठीण झाली. इतकी वर्षं आठवड्याला दोन दिवस भेटणारा नवरा आता रोज घरात. वहिनी अनघाला फोन करत, "अगं, हा माणूस दिवसभर घर ठोकतो. काल पोळ्या एकेक करून उजेडाकडे धरल्या. म्हणे कडा पातळ, मध्ये जाड." अनघा हसून हसून मला सांगायची.

मग एक दिवस वहिनींचा फोन आला, आणि अनघा हसली नाही. नानांचं ठोकणं बंद झालं होतं. नाणं फ्रिजवर पडून होतं. नाना सकाळी उठून खिडकीशी बसत, वहिनी ड्युटीवरून येईपर्यंत तिथेच. पोळी कच्ची असली तरी मुकाट्याने खात. "मी काल मुद्दाम खारट आमटी केली गं," वहिनी म्हणाल्या. "चांगली झालीय म्हणाले."

कॅराव्हॅनचं खूळ तिथून आलं. वहिनींच्या पेशंटपैकी एक वयस्क अरबी बाई होत्या. हिवाळ्यात त्यांचं सगळं कुटुंब वाळवंटात तळ ठोकायचं, आणि त्यांनी वहिनींना एका शुक्रवारी ओढूनच नेलं. वहिनी दुपारी त्यांच्या कॅराव्हॅनमध्ये झोपल्या. जाग आली तेव्हा खिडकीत उंट, आणि चुलीवर कोणाचा तरी चहा. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी हे सांगितलं आणि मग म्हणाल्या, "मी दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार. हॉस्पिटलचा फ्लॅट जाणार. पुण्यातलं घर आमचे हे या जन्मी पास करणार नाहीत. मला यांच्याबरोबर एका घरात राहायचंय, चाकं असली तरी चालतील. पण हेही फेटाळलं ना, तर मी यापुढे कुठलंही घर दाखवणार नाही."

नाना तिथेच बसले होते. निघताना त्यांनी आमच्या दाराची बिजागरी हलवून पाहिली. वहिनींचा चेहरा केवढा उजळला.

तर असे आम्ही चौघं त्या यार्डात. मंदीत गिऱ्हाईक पळालेलं, नव्या कॅराव्हॅन धूळ खात उभ्या. तिथले सेल्समन रशीदभाई पेशावरचे. माझ्या वजनाने उभं राहिलेलं घर त्यांनी पुन्हा आडवं केलं, चारही जॅक सोडून एका पातळीत आणले आणि नानांना मोठ्या अदबीने म्हणाले, देख लीजिए, पाँच मिनट का काम है.

नानांनी आधी पाइप मागवला. छतावर पाऊस पाडायचा होता.

"साहब, यहाँ बारिश कहाँ होती है?"

"होती है तब सब यही बोलते हैं," नाना म्हणाले आणि मला टॉर्च देऊन आत बसवलं. वर रशीदभाई शिडीवरून पाणी मारतायत, आत मी खिडकीच्या कडांवर उजेड टाकत थेंब शोधतोय. एसी अजून चालू केलेला नव्हता, कारण तो भर दुपारच्या उन्हातच तपासायचा, असं नानांनी ठरवलं होतं. थोड्या वेळाने मी ओरडून सांगितलं, की पाणी सापडलं. नाना धावत आले. तो माझा घाम होता.

मग नानांनी अंगठ्याने सगळ्या भिंती दाबल्या. आतून ओल लागली असली तर भिंत मऊ लागते म्हणे. एकही मऊ नव्हती. चाकांशी मात्र बराच वेळ बसले. गाडी नवी, पण टायर तिच्याआधी बनलेले आणि उन्हात उभे राहून कडक झालेले. रशीदभाईंनी टायर बदलून द्यायचं कबूल केलं. कपाटाचं एक दार आपोआप उघडत होतं, तेही दुरुस्त करायचं कबूल केलं. नानांच्या गालांवर रंग येत होता. नाणं पुन्हा खिशातून निघालं होतं आणि सगळीकडे टकटक चालली होती. कॅनडाहून मुलीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, प्लीज, जस्ट से यस." नानांनी तिला सांगितलं, की अजून छताचे जोड बघायचेत. मला एकीकडे बरं वाटत होतं आणि दुसरीकडे धास्ती वाटत होती. नाना इतके जिवंत झाले होते, की आता ते हे घर नक्की फेटाळणार.

नाना शिडीवर असताना बायका आत गेल्या. वहिनींनी अल ऐनहून निघतानाच पिशवीत एक छोटं पातेलं आणि दूध घेतलं होतं, हे फक्त अनघाला माहीत होतं. नव्या घरात दूध उतू घालायचं, ते आपल्याकडे वास्तूत राहायला जाताना. इथे तर अजून व्यवहारही ठरला नव्हता. वहिनींनी गॅस पेटवला आणि पातेलं ठेवलं. मी दारातून विचारलं, वहिनी, चहा का? अनघाने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

दूध वर आलं. वहिनींनी गॅस बंद केला नाही. दूध शेगडीवरून ओट्यावर आलं, ओट्यावरून जमिनीवर, आणि जळक्या दुधाचा वास नाकात जायला आणि नाना दारात यायला एकच गाठ पडली.

नानांनी दुधाकडे पाहिलं. ते जमिनीवर पसरत नव्हतं. एका बारीक धारेने, अगदी ठरवल्यासारखं, मागच्या पलंगाकडे निघालं होतं. पुण्यातल्या त्या बाथरूमचं पाणी जसं दाराकडे गेलं होतं, तसंच. नानांची नजर धारेबरोबर पलंगापर्यंत गेली आणि परत आली. तो चेहरा मी साइटवर अनेकदा पाहिला होता. त्या चेहऱ्यानंतर मजुरांना घण आणायला सांगत.

वहिनींच्या हातात फडकं होतं, पण त्या पुसत नव्हत्या.

"दूध कोणी ठेवलं?"

"मी."

"मुद्दाम?"

"मुद्दाम," वहिनी म्हणाल्या. "मी घरात आले. तुम्ही बाहेर उभे राहून ठरवा."

नाना दारातच उभे राहिले. हातातलं नाणं त्यांनी एकदा चौकटीवर टेकवलं, पण ठोकलं नाही. मग मागे वळून रशीदभाईंना म्हणाले, "आपका ज़मीन उतार पे है."

रशीदभाईंना हे झोंबलं. फरशी मशीनने केलेली, पूर्ण यार्ड एका पातळीत, हवं तर लेव्हल लावून दाखवतो, असं ते सांगू लागले. नानांनी हात वर केला.

"मैं बोल रहा हूँ ना. ज़मीन टेढ़ा है. घर सीधा है." आणि बूट दाराबाहेर काढून ते आत आले.

वहिनींच्या हातातलं फडकं त्यांनी घेतलं आणि खाली बसून दूध पुसायला लागले. वहिनी त्यांच्या डोक्यावरून बाहेर बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हाँ भाई, ज़मीन ही टेढ़ा है.

पुढची काही वर्षं हिवाळ्यात ती कॅराव्हॅन सगळीकडे फिरली. फुजैराच्या किनाऱ्यावर, लिवाच्या वाळूत, अल ऐनच्या डोंगराच्या पायथ्याशी. तळावरच्या लोकांना नानांच्या नाण्याचा पत्ता लागला, आणि मग "नाना, यल्ला, चलो, मेरा वाला भी देखो" अशा हाका येऊ लागल्या. नाना लोकांच्या कॅराव्हॅन मनसोक्त रिजेक्ट करत हिंडायचे, आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी परत यायचे. वहिनी निवृत्त झाल्यावर दोघं पुण्याला गेले. कॅराव्हॅन विकताना नानांनी घेणाऱ्याला तिचे सगळे दोष स्वतः दाखवले. तळमजल्यावरचा पुण्यातला फ्लॅट वहिनींनीच निवडला. नानांनी त्याच्यावर शेरा दिला, "अप्रूव्ड विथ कमेंट्स." कमेंट्स बऱ्याच होत्या म्हणे, पण राहिले. त्याच घरात ते गेले, झोपेत, वहिनी शेजारी असताना. मी अजूनही कुठे गेलो तर बसायच्या आधी खुर्ची हलवतो. लोकांना वाटतं वजनामुळे.

यार्डातून त्या दिवशी आम्ही बर दुबईतल्या आमच्या घरी परत येत होतो. सौदा झाला होता, अनघाच्या साडीला जळक्या दुधाचा वास होता. मी गाडी चालवता चालवता सारखा तेच म्हणत होतो, की अगं, यार्डाची जमीन एकदम सपाट होती, घरच मागच्या बाजूला कललेलं होतं, आणि नानांनी ते पाहिलं होतं. नानांनी, आयुष्यात पहिल्यांदा, कललेलं घर पास केलं. इतका मोठा दोष त्यांनी सोडला कसा?

अनघा म्हणाली, "पलंगाकडे कललंय ना? मग असू दे की. इतकी वर्षं दोन गावांत झोपलीत दोघं. आता जरा घरंगळली एकमेकांकडे, तर तुझं काय जातंय?"