मागे सरकत उडालेलं हेलिकॉप्टर

त्या दिवशी मी मारुतीवर चिडलो तेवढा आयुष्यात कोणावर चिडलो नसेन. इतकी वर्षं दर शनिवारी सौंसरहून जामसावळीला त्याच्या देवळात गेलो, आणि पदरात काय पडलं? संत्री तोडताना माझी बायको शिडीवरून पडली, मानेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, नागपूरच्या रस्त्याचे धक्के या मानेला चालणार नाहीत. एक जोराचा झटका बसला तरी हातपाय कायमचे जातील. म्हणून रुग्णांसाठीचं सरकारी हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलं.

पायलटने मला चढूच दिलं नाही. "वजन ज्यादा हो जाएगा, चाचाजी. सिर्फ मरीज और डॉक्टर." चाळीस वर्षांचा संसार आमचा, आणि हा मला खाली थांबवणार! त्याने आमची कपड्यांची पिशवीसुद्धा काढून ठेवली. मी तोंडाला येईल ते बोललो. शेवटी स्ट्रेचरवरून तीच म्हणाली, "अवो, कायले चिल्लावून राहिले? त्याचं काम करू द्या ना त्याले." मी मनातल्या मनात मारुतीला बजावलं, याला अक्कल दे आणि मला आत बसव.

पुढे तर हद्दच झाली. सरळ पुढे जायचं सोडून हेलिकॉप्टर तोंड मैदानाकडे ठेवून मागे मागे सरकत वर चढू लागलं. माझ्या बायकोच्या जिवाशी हा खेळ! मी ओरडणार तेवढ्यात फाडकन आवाज झाला, धूर निघाला आणि ते खाली येऊ लागलं. पण ते पुढे येत, जिथून उठलं होतं तिथेच अलगद टेकलं. मी धावलो. तिने पायाची बोटं हलवून दाखवली, तेव्हा मी तिथेच मातीत बसून रडलो.

पायलट घामाने निथळत होता. दोनपैकी एक इंजिन बंद पडलं होतं. असं झालंच तर परत उतरायची जागा डोळ्यासमोर राहावी, म्हणून तो मागे सरकत चढला होता. उरलेल्या इंजिनाने तेवढंच वजन कसंबसं पेललं; आणखी एक माणूस असता तर आदळलो असतो, म्हणाला. ती डोळे मिटून पुटपुटली, "गाभाऱ्यातून आपणबी देवाले पाठ न दाखवता मांगं मांगंच येतो ना."

दुपारी दुसरं हेलिकॉप्टर आलं. या वेळी मी गुमान खाली थांबलो.

लोक म्हणतात, मारुतीने झेललं. झेलायचंच होतं तर शिडीवरूनच झेलायचं होतं, हे मी त्याला आजही तोंडावर सुनावतो. मग हात जोडतो. मागत मात्र काही नाही. त्या दिवशी मी मागितलेलं त्याने दिलं असतं, तर आज ती माझ्या शेजारी स्वतःच्या पायांवर उभी नसती.