मिठबावला नेलेला फिल्मचा डबा

पुण्याहून निघताना मांडीवर एक चपटा डबा घेतला आणि कणकवलीपर्यंत तो तळहाताच्या फोडासारखा जपला. डब्यात फिल्मची नऊ पानं होती. ही रोलची फिल्म नव्हे. जुन्या लाकडी कॅमेऱ्यात एकेक सुटं पान सरकवून फोटो काढतात, त्यातली. या मापाची फिल्म आता बनत नाही. मी दर महिन्या-दोन महिन्यांनी चौकशीला जातो म्हणून आमचा दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, “सर, रोल पुढच्या वर्षी येईल की नाही याचाच पत्ता नाही, तुम्ही पानांचं काय घेऊन बसलात!” कलामहाविद्यालयाच्या डार्करूममध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाला असं बोलू नये, पण खरं तेच बोलला. ही नऊ पानं माझ्या फ्रिजमध्ये बायकोच्या कोथिंबिरीशेजारी मुदत संपून पडली होती.

ती मागितली होती दाजींनी. दाजी म्हणजे मिठबावचे फोटोवाले, पंचाहत्तरी उलटलेले. पूर्वी फिल्म आणि कागद न्यायला पुण्याला येत, तेव्हापासूनची ओळख. एप्रिलात त्यांचा फोन आला. “मास्तर, यंदा आमची रापण मोडतली. एक फोटो काढूचो आसा. फिल्म गावतली (मिळेल) काय?”

रापण म्हणजे किनाऱ्यावरून गावकऱ्यांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं. पावसाळ्याआधी होड्या वर काढल्या की रापणीची सगळी माणसं धुतलेले कपडे घालून वाळूत रांगेने उभी राहतात आणि फोटो काढला जातो. आधी दाजींचे वडील काढत, मग दाजी. कॅमेरा तोच. यंदा रापण बंद होणार, म्हणून हा फोटो शेवटचा.

कणकवलीला एसटीत जेमतेम जागा मिळाली. कंडक्टर म्हणाला, “काका, तो डबो वर ठेवा मरे. सोना आसा काय त्यात?” मी म्हटलं, सोनं दुकानात मिळतं. तो हसला, पण त्याने डब्याला पुन्हा हात लावला नाही. टपाखाली उकडत होतं. डबा तापू नये म्हणून मी ओल्या पंच्यात गुंडाळून तो एका मिठाईवाल्याच्या कापडी पिशवीत घातला होता. माझ्या मते ही मोठीच हुशारी होती.

मिठबावला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. माडांच्या मधून समुद्र दिसत होता, राखेच्या रंगाचा. दाजी तांडेलांकडे, म्हणजे रापणीच्या म्होरक्याकडे, उद्याची वेळ ठरवायला गेले होते. त्यांच्या बायकोने, काकींनी, पाय धुवायला पाणी दिलं. मी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, “हे जरा थंड जागी ठेवा.” एवढंच म्हणालो. ते वाक्य आता मला रोज आठवतं.

पडवीच्या भिंतीवर रापणीचे फोटो ओळीने लावले होते. सर्वांत जुन्या फोटोत माणसं मावत नव्हती, कडेची अर्धी कापली गेली होती. पुढे पुढे रांग आखडत गेलेली. मधूनमधून रांगेत एका माणसाएवढी फट. त्या वर्षी जो गेला त्याची जागा मोकळी सोडायची, अशी इथली रीत. शेवटच्या फोटोत बारा माणसं होती. पुढे एक खिळा ठोकून ठेवला होता.

विहिरीवर अंघोळ करून आलो तोवर तिन्हीसांज झाली होती. देवापुढे समई लागली होती. समईसमोर ताटात माझी नऊ पानं हळदकुंकू लावून मांडून ठेवली होती. उजेड लागू नये म्हणून घातलेलं काळं पाकीट फाडून बाजूला पडलं होतं; नऊही पानं वाया गेली होती.

“मास्तर,” काकी ओशाळून म्हणाल्या, “तुमका दुकानदारान फसवल्यान. मिठाय नायच आत, नुसते कागद.”

पाहुण्याने आणलेली वस्तू आधी देवापुढे जायची. आणि देवाला काही झाकून दाखवायचं नसतं, म्हणून डबा उघडला. चूक त्यांची नव्हती. जन्मभर मुलांना ‘डब्यावर आधी नाव लिहा’ असं ओरडणारा मी, मिठाईच्या पिशवीत फिल्म घालून आलो होतो. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

दाजी आले. दारातूनच त्यांनी ताट पाहिलं. जवळ येऊन एक पान उचललं, समईच्या उजेडात धरलं आणि परत ठेवलं.

“काय झाला ओ?” काकींनी विचारलं.

“काय नाय,” दाजी म्हणाले. “देवाक दाखवलंस, बरा केलंस.”

रात्री बांगड्याचं तिखलं (घट्ट तिखट कालवण) होतं. मी नुसता भात कालवत होतो. दाजी नेहमीसारखे जेवले. मग त्यातलं एक पान घेऊन ते डार्करूममध्ये गेले, दार लावलं, फटीत गोणपाट कोंबलं आणि अंधारात ते पान कॅमेऱ्याच्या चौकटीत भरलं. उजेड लागलेल्या पानाला आणखी उजेड लागू नये म्हणून एवढी काळजी. मी बाहेर ऐकत उभा होतो आणि मला रडू आलं.

सकाळी पेज (पाण्यासकट मऊ भात) आणि सुका बांगडा खाऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो. माणसं आधीच आली होती. इस्त्रीचे शर्ट, तेल लावलेले केस. अकरा जण, मध्ये एक फट. मी खिशातला मोबाइल काढला. दाजींनी माझा हात खाली केला.

“तसले सगळ्यांकडे आसत. ह्यो त्या भिंतीरचो आसा.”

“मग खरं सांगा त्यांना.”

“सांगलंय तर आत्ताच घराक जातले. फुडच्या वर्षी कोण खंय आसतलो? एकदा उभे तरी रवांदेत.”

त्यांनी तिकाटणं वाळूत रोवलं, काळ्या कापडाखाली डोकं घातलं, एकाला डावीकडे सरकवलं, दुसऱ्याचं बटण लावायला लावलं. “हलू नकात!” म्हणून भिंगावरचं झाकण काढलं. अकरा माणसांनी श्वास रोखला. इतकी स्तब्ध उभी राहिलेली माणसं मी फार दिवसांत पाहिली नव्हती. झाकण लागलं. तांडेल माझ्याजवळ येऊन म्हणाले, “फोटो येतलो मां बरो?”

“येईल की,” मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवरच होता, आठ निकामी पानांसकट. पुण्याला आल्यावर नव्या पानांसाठी मी विचारायचं कुणी ठेवलं नाही. जुने विद्यार्थी, बंद पडलेले स्टुडिओ, मुंबईचे दोन दुकानदार. एकाने तर विचारलं, “तुम्हाला संग्रहालयासाठी हवंय का?” आपलं सगळं आयुष्य कुणीतरी कपाटात ठेवून कुलूप लावावं, तसं वाटलं. शेवटी नाही म्हणून सांगायला आषाढात मिठबावला फोन लावला. काकींनी उचलला.

“मास्तर, ह्यांनी तो कागद धुतल्यानी,” त्या म्हणाल्या. “सगळो काळो झालो. तारेर लावून ठेवल्यानी हा.” मग म्हणाल्या, “तो डबो मीयाच उघडलंय मां? ह्यांनी माका अजून एक शब्द बोलूक नाय.”

पलीकडे पाऊस कौलांवर वाजत होता.

“तांडेल रोज येऊन इचारतत,” काकी म्हणाल्या. “हे सांगतत, फोटो अजून सुकूक नाय.”

“पावसात वेळ लागतोच, काकी,” मी म्हणालो.