भोपळ्याला पहिली सुरी

काल सुनेनं ओव्हनमध्ये भोपळा भाजला. करपलेल्या सालीचा गोडसर वास आला आणि भवानी पेठेतली आमची चूल आठवली.

मी सात वर्षांची होते. वडील दिवाळीआधीच गेले होते, आता पौषाची थंडी पडली होती. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषानंच लावायची, अशी आमच्यात रीत. म्हणून आई रोज शेजारच्या खोलीतल्या काकांच्या दाराशी जायची. "भावोजी, तेवढा भोपळा चिरून देता का?" काका निवांत पान लावत म्हणायचे, "उद्या बघू की, वैनी. घाई काय हाय?"

चौथ्या दिवशी आईनं भोपळा तसाच अख्खा निखाऱ्यांत पुरला. बऱ्याच वेळानं तो आपोआप फुटला. "बघ," आई म्हणाली, "कुणाचे पाय धरावे लागले न्हाईत." वाफाळत्या गरावर तिनं गूळ किसला. मला सगळी गंमतच वाटली. तिनं भरून दिलेली वाटी मी काकांना नेऊन दिली. त्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली. भोपळा कुणी चिरला, हे विचारलंसुद्धा नाही.

मोठी झाल्यावर काकांचा राग आला, तो अजून माझ्या पोटात आहे. तरी काल तो भोपळा चिरायला सुनेनं सुरी उचलली, तेव्हा तिचा हात मीच धरला. म्हणाले, "थांब, तुझ्या नवऱ्याला येऊ दे."