चार तोंडांचा पाइप

वॉल्व्हकाकांनी चौतीस वर्षं गल्लोगल्ली पाणी सोडलं आणि तितकीच वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पण पाण्यात पक्षपात केला, असं म्हणायची कोणाच्या बापाची टाप नव्हती. निवृत्तीनंतर त्यांनी रिकाम्या गॅरेजात सुतारकाम थाटलं. काका करवत चालवायचे, काकू पॉलिश पेपर मारायच्या आणि येताजाता काकांच्या स्टुलांची अब्रू काढायच्या. दोघांचं झकास चाललं होतं.

मग काकूंना खोकला लागला. डॉक्टर त्यांची छाती तपासून काकांना म्हणाले, "भुसा तरी बंद करा, नाहीतर यांना तरी हलवा." लेकीने लगेच फर्मान काढलं: पुढच्या रविवारी येते, आईला कायमची घेऊन जाते. काकूंनी बॅग भरली. काकूंशिवाय घर काकांना खायला उठणार होतं, पण कबूल करतील तर शपथ. "रविवारच्या आत भुशाचा बंदोबस्त करतो," एवढंच म्हणाले.

झालं! कॅलेंडरच्या पाठीवर नकाशे सुरू. कोपऱ्यात भुसा खेचणारं यंत्र, त्याला छताखालून जाणारा जाड पाइप आणि खाली उतरलेली चार तोंडं: करवतीला, रंध्याला, ड्रिलला आणि काकूंच्या घासायच्या टेबलाला. प्रत्येक तोंडाला झडप होती, पण ती दुरुस्तीपुरती. चौघांना समान ओढ मिळावी म्हणून काकांनी पाइप तीनदा कापून पुन्हा जोडले. जेवताना आमटीतसुद्धा बोटाने फाटे काढत बसायचे.

शनिवारी यंत्र सुरू झालं. चारही तोंडांना समान ओढ मिळाली, म्हणजे कोणाचंच भागलं नाही. करवतीचा भुसा निवांत तरंगत काकांच्या मिशीवर येऊन बसला.

काकू नाकाला रुमाल लावून दारात उभ्या होत्या. "चालू एकटी करवत आहे ना? मग बाकीची तोंडं कशाला उघडी?"

"सगळ्यांना सारखं मिळायला हवं."

"ड्रिल काय तक्रार अर्ज देणार आहे?"

काकांनी मिशीवरचा भुसा झटकला. काकूंचा मात्र बांध फुटला. "कोणी बोट दाखवू नये म्हणून आपल्या गल्लीला कायम शेवटी पाणी सोडलंत. तुम्ही न्याय करत हिंडायचात आणि मी बादल्या लावून कोरड्या नळापाशी बसायचे. एकदा तरी माझा नळ आधी उघडायचा होतात."

हे त्या कधी बोलल्या नव्हत्या आणि काकांनी कधी विचारलंही नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी करवत बंद केली. मग तिची, रंध्याची, ड्रिलची, अशा तीन झडपा खटाखट लावल्या आणि टेबलाची तेवढी उघडी ठेवली.

काकूंनी एक फळी घासायला घेतली. भुसा उठला की उठल्या उठल्या पाइपात गडप. त्यांनी रुमाल काढला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, खोकल्याची ढास आली नाही.

"आता करवतीची झडप उघडू का?" काकांनी हळूच विचारलं.

"लेकीला फोन करून सांगा, येऊ नकोस म्हणावं," काकू मान वर न करता म्हणाल्या. "आणि थांबा जरा. माझं व्हायचंय अजून."

काका थांबले.