वाचल्याशिवाय शिक्का नाही

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या तहसील कचेरीबाहेर करुणा कळंबे या वकीलबाईंनी अकरा वर्षं नोटरीचं काम केलं. त्या गर्दीत कागद कोणी वाचत नसे. माणसं अंगठा उठवत आणि बस पकडायला धावत. हेच त्यांना सलू लागलं. शेवटी त्यांनी सार्वजनिक वाचनालयात दर बुधवारी बसायला एक टेबल मागितलं.

सचिव प्रभाकरराव अडखळले. "बाई, इथं मोठ्यानं बोलाची मनाई आहे."

"मले तर वाचूनच दाखवाचं आहे," करुणाताई म्हणाल्या. "कागदात काय आहे ते समोरच्याले समजल्याशिवाय मी शिक्का मारत नाही."

वर्तमानपत्रांच्या खोलीतला कोपरा मिळाला.

तिसऱ्याच बुधवारी मोहगावचा वैभव आपल्या म्हाताऱ्या आत्याला, केसरबाईंना घेऊन आला. हिंदीत टाइप केलेला कागद पुढे सरकवत म्हणाला, "आधार कार्डातल्या नावाचं शपथपत्र आहे, मॅडम. जरा लवकर करा."

करुणाताई एकेक ओळ मराठीत सांगू लागल्या आणि मध्येच थांबल्या. "मावशी, यात लिहिलं आहे, वडिलांच्या संत्र्याच्या बागेतला हिस्सा तुम्ही राजीखुशीनं भावाले सोडून राहिल्या."

पेपर वाचणाऱ्यांच्या माना वर झाल्या. केसरबाईंनी शाईच्या डबीकडे नेलेला हात मागे घेतला. "तू तर नावाचं म्हणून राहिला होता, वैभव!"

"घरातलीच गोष्ट आहे, आत्या. चाल, दुसरीकडे करू."

केसरबाई उठल्या नाहीत. वैभव तणतणत एकटाच गेला. करुणाताईंनी तिथंच तहसीलदारांच्या नावानं बाग एकट्या भावाच्या नावावर चढवू नये असा हरकतीचा अर्ज लिहिला, तोही मोठ्यानं वाचला, मग केसरबाईंचा अंगठा घेतला.

आठवड्याभरात वाचनालयाच्या समितीकडे तक्रार गेली, ही बाई घरं फोडते म्हणून. प्रभाकरराव टेबल काढायची भाषा करू लागले.

"व्हरांड्यात बसते मी," करुणाताई म्हणाल्या, "पण वाचणं सोडणार नाही."

खरंच, सारा उन्हाळा त्या झळा सोशीत व्हरांड्यात बसल्या. बुधवार एकही चुकला नाही.

पावसाळ्यात बागेच्या कागदावर भावाबरोबर बहिणीचंही नाव चढलं. ते सांगायला केसरबाई स्वतः आल्या. "नाव लागलं, बाई. पण राखीले भाऊ आला नाही."

करुणाताईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "अर्ज मागे घ्याचा होता, असं वाटते काय?"

केसरबाईंनी डोळे पुसले. "नाही. समजून देला होता म्या अंगठा."