ईश्वरीचं सावधान

रिटायर झाल्यावर माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात: औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला नेतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, उलट रोज नवे येऊन पडतात! त्यात मी सरकारी कचेरीतून सुटलो आणि सांगलीतल्या एका विशेष मुलांच्या शाळेत पुन्हा क्लार्क म्हणून बसलो. मग काय विचारता! त्यातले हे फक्त ईश्वरीचे.

*

ईश्वरी कुंडल गावची, वय वर्षं नऊ. चाकाच्या खुर्चीत बसते, जाड चष्मा लावते, कानाला मशीन आहे, बोलते एखाद-दुसरा शब्द. तिला सोडायला येतात तिचे आबा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलासमोर खाडकन बूट जुळवून म्हणाले, "क्लार्कसाहेब, पोरगी लय हुशार हाय. फकस्त ध्यान न्हाई."

मी तिच्याकडे बघितलं. ती पंख्याकडे बघत होती. असं काय आहे तिथं, म्हणून मीही पंख्याकडे बघितलं.

"घ्या! आता तुमचंबी गेलं," आबा म्हणाले.

*

हे ध्यान जातं कुठं, याचा तपास सुरू झाला. एक म्हणाले, ऐकू येत नसेल. मशीन तपासलं; ठणठणीत! दुसरे म्हणाले, दिसत नसेल. चष्मा बदलला. फिजिओ मॅडम म्हणाल्या, बसताना अवघडत असेल, पाठीला उशी द्या. दिली. ईश्वरी जास्त आरामात पंख्याकडे बघायला लागली!

शेवटी हेडसर म्हणाले, "अहो, अशा मुलांचं असंच असतं."

मला माझी जुनी कचेरी आठवली. तिथंही फाईल सगळ्या टेबलांवर फिरून शेवटी कपाटावर जायची. इथलं कपाट म्हणजे मागची खोली. ज्यांना शिकवून उपयोग नाही असं ठरलं, ती मुलं तिथं दिवसभर नुसती बसायची.

"तिला कळतच नाही, तर वर्गात कशाला?" हेडसर म्हणाले.

तिच्या वर्गाच्या कदमबाई अडून बसल्या. "कळत नाही आणि लक्ष टिकत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सर! मला एक महिना द्या."

*

इकडे आबांचा फौजी इलाज सुरूच होता. रोज वर्गाच्या दारात गर्जना: "ईश्वरीऽ, सावधान!"

त्याबरोबर ईश्वरी हातात असेल ते आबांच्या डोक्यावर फेकायची. मणी, ठोकळा, एकदा तर शिऱ्याचा घास!

"बघा, हे वर!" हेडसर म्हणाले.

कदमबाई मात्र बघतच राहिल्या. "आबा, घरात इतक्यात लग्न झालं का हो?"

"झालं की. धाकट्या लेकाचं. ही माझ्याच मांडीवर हुती."

कदमबाईंनी टाळीच वाजवली. "अहो, मग अक्षता टाकतेय ती!"

आम्ही उडालोच! शब्द ऐकला, ओळखला, मांडव आठवला, मूठ उघडली. आणि हे कुणी केलं, तर न कळणाऱ्या मुलीनं!

आबा डोक्यातला शिरा पुसत म्हणाले, "म्हंजी मी रोज बोहल्यावर उभा हुतो व्हय!"

*

मग कदमबाई पेटल्या. पंखा बंद, खिडकीला पडदा, टेबलावर एकच मणी. ईश्वरीनं मणी ओवला! पंखा लावला, मणी हातात, डोळे वर. तिच्याइतकीच समज असलेली दुसरी मुलं त्याच पंख्याखाली निवांत माळ ओवत होती. कुंडलच्या घरीही हीच तऱ्हा, आबांनी सांगितलं.

हेडसर बघायला आले, ते चपला करकर वाजवत. ईश्वरीची मान चपलांमागे फिरली.

"सर, चपला बाहेर काढा," कदमबाई म्हणाल्या. "आणि जमलं तर त्यांच्यासोबत तुम्हीही."

*

महिना संपला, तिला तपासायला डॉक्टर आले. वर्ग की मागची खोली, ते आज ठरणार होतं. आबांना आत घेतलं नाही. ते व्हरांड्यात उभे राहिले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "एक अडचण आहे म्हणून दुसरी नसते, असं थोडंच आहे? लक्षाची अडचण वेगळी असू शकते. बघू या."

खेळ साधा होता. एक ठोकळा डॉक्टरांनी ठेवायचा, त्यावर एक ईश्वरीनं. पंखा बंद. आम्ही घामानं डबडबलेले, श्वास रोखून उभे. ठोकळ्यावर ठोकळा चढत गेला. डॉक्टरांची पाळी आली आणि त्यांचा मोबाईल थरथरला. ते त्यात बघायला लागले.

ईश्वरी थांबली. मनोऱ्याकडे बघितलं. डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर मोबाईलमध्येच!

"शावधान!"

बाहेर व्हरांड्यात खाडकन बूट जुळल्याचा आवाज आला.

डॉक्टरांनी मोबाईल खिशात टाकला, निमूटपणे ठोकळा ठेवला आणि विचारलं, "हिला वर्गातून काढा, असं कोण म्हणत होतं?"

हेडसर पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.