डंकावर ऐकलेलं माझंच वाक्य

आपण लिहिलेलं वाक्य अनोळखी बाईच्या तोंडून भर बाजारात ऐकायला मिळावं, यासारखं सुख नाही. मला ते मिळालं. पुरती दोन मिनिटं मिळालं. त्यानंतर माझं डोकं जे फिरलं ते अजून म्हणावं तसं जागेवर आलेलं नाही.

एप्रिल महिना होता. सांगलीत एप्रिलमध्ये एखादी बाई घरात सापडली नाही तर तिला डंकावर शोधावं, कारण वर्षाची चटणी कुटायची असते. आमच्याकडे चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढतात ती नव्हे. कांदा, लसूण, खोबरं, तीळ घालून कुटलेलं तिखट, जे वर्षभर रोजच्या कालवणात पडतं, ती आमची चटणी. आणि डंक म्हणजे गिरणीसारखंच दुकान, फक्त आत लोखंडी मुसळं धडाधड खालीवर होत असतात. आपापला माल भाजून-तळून न्यायचा, नंबर लावायचा आणि शिंकत बसायचं. मीही तीन किलो मिरचीचा डबा पुढ्यात घेऊन शिंकत बसले होते.

माझ्या पुढे एक सासू आणि तिची नवी सून. सुनेची ही पहिलीच चटणी. काही राहिलं तर नाही ना, म्हणून ती फोनवर बघून सासूला मोठ्यानं वाचून दाखवत होती : "'कांदा इतका तळायचा, की काय करपलं म्हणून शेजारीण डोकावली पाहिजे, आणि करपलेलं नसलं पाहिजे, बरं का.'"

मी ताडकन उभी राहिले. अहो, हे माझं! त्यातली शेजारीण माझी, तिचं डोकावणं माझं, शेवटचं 'बरं का' तर शंभर टक्के माझं!

"अगं, हे मी लिहिलंय!" मी ओरडले. मुसळांच्या आवाजात ओरडावंच लागतं, पण इतकं ओरडायची काही गरज नव्हती. सगळी रांग माझ्याकडे वळून बघायला लागली.

गेली बारा वर्षं मी एक वेबसाइट चालवते. आधी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, त्यामुळे मराठी टाइप करायला हात शिवशिवत असायचे. आपल्या भागातल्या बायका काय रांधतात, कसं साठवतात, का तसंच करतात, हे मी लिहीत गेले. लोक वाचत गेले. पण एवढ्या वर्षांत माझा वाचक असा डोळ्यांसमोर, मिरचीच्या खकाण्यात बसलेला कधी दिसला नव्हता. आनंदानं मला काय करू नि काय नको असं झालं. त्या पोरीला मिठीच मारणार होते.

"माझी साइट वाचतेस तू?" मी विचारलं.

"कुठली साइट, काकू?" ती म्हणाली. "मी ह्याला विचारलं."

तिनं फोन पुढे केला. साइट नव्हतीच. विचारलं की उत्तर देतं ना, ते यंत्र होतं. माझं नाव नाही, माझ्या साइटचा पत्ता नाही. वर पुन्हा लिहिलेलं काय, तर 'आमच्या घरी चटणी अशी करतात'. यंत्राला कसलं डोंबलाचं घर हो! कुठल्या गल्लीत राहतं ते?

मी तणतणत पुढचं वाचलं आणि एका ओळीवर थबकले. तिथे होतं, 'कोथिंबीर स्वच्छ धुऊन, चिरून मसाल्यात घालावी.'

"पोरी," मी म्हटलं, "तुझी कोथिंबीर कुठाय?"

तिनं पिशवी उघडून दाखवली. हिरवीगार, ओलीचिंब. सकाळीच धुतलेली.

ही चूकही माझीच. अगदी पहिल्यांदा लेख लिहिला तेव्हा मी नुसतं 'धुऊन, चिरून' लिहिलं होतं. आमच्या घरी धुतलेली कोथिंबीर दोन दिवस सावलीत वाळवल्याशिवाय कोणी मसाल्याजवळ आणत नाही, मग ते लिहायचं मला सुचणार कसं? चार दिवसांत साइटवर कोयनानगरच्या एका मावशींची कमेंट आली. नात लिहून द्यायची त्यांचं. 'आवं ताई, वाळवायचं कुटं गेलं? माझ्या भणीची दोन किलोची चटणी गेल्या साली अशानंच बुरशीनं गेली न्हवं. सुदारा आदी.' मी त्याच दिवशी सुधारलं. पण तोवर दोन-तीन साइटवाल्यांनी माझा लेख जसाच्या तसा उचलून नेला होता, चुकीसकट. त्यांच्याकडे कुठली मावशी? तिथे ते तसंच राहिलं. आणि या यंत्रानं सगळ्यांचंच गिळलं, माझं बरोबरचंही आणि माझं चुकलेलंही.

"ही घालू नका," मी सासूला म्हटलं. "दिवाळीच्या आत चटणीला बुरशी येईल."

"आवं, पण फोनवर तसंच हाय की," सासू म्हणाली. "फोन कशाला खोटं बोलंल?"

"तो माझीच चूक मला वाचून दाखवतोय!"

माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तेवढ्यात डंकवाल्यानं त्यांचा नंबर पुकारला. सून डबा घेऊन उठली. मला काही सुचेना. मी सरळ ती कोथिंबिरीची पिशवी ओढून घेतली आणि तिच्यावर बसले. होय, बसले! पन्नाशीची बाई, भर दुकानात, दुसऱ्याच्या कोथिंबिरीवर. रांगेत हशा पिकला. सासू आधी भडकली, मग मागच्या एका आजीनं "बाई बरुबर बोलत्यात, वाळवाय लागती" असं सांगितलं तेव्हा कुठे तिनं बाकीचा माल कुटून घेतला आणि कोथिंबीर परत नेली. सून जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वाचवलंत, काकू." माझी साडी मागून भिजली होती, पण मी लढाई जिंकून आल्यासारखी घरी आले.

घरी येऊन साइट उघडली आणि सगळा जोर उतरला. येणारे लोक गेल्या वर्षभरात कमी कमी होत चाललेत हे दिसत होतं, मी त्याकडे काणाडोळा करत होते. कमेंट तर अकरा महिन्यांत एकही नव्हती. पूर्वी उन्हाळा आला की माझ्या साइटवर नुसती भांडणं असायची. तीळ भाजायचे की नाही यावरून कराड आणि मिरज आठ-आठ दिवस एकमेकांवर तुटून पडायचे. मी चिडायचे, तोंडाला तोंड द्यायचे, आणि गुपचूप लेख सुधारायचे. खरं सांगते, साइटवरचं अर्धं शहाणपण माझं नाहीच, ते या भांडणांतून आलंय. आता उत्तर बाहेरच्या बाहेर मिळतं म्हटल्यावर आत येऊन भांडणार कोण? आणि कोणी भांडत नसेल तर मी लिहिलेलं बरोबर की चूक, मला कळणार कसं?

आमचे हे म्हणाले, "कोणी येईना तर बंद कर की. डोळे तरी वाचतील."

ते म्हणाले ते मला झोंबलं, कारण मीही तेच म्हणत होते मनात. पण राहून राहून कोयनानगरच्या मावशी आठवत होत्या. तीळ असो, मीठ असो, त्यांनी चूक काढली नाही असा लेख नव्हता, आणि वर्षभर त्या गप्प. आहेत की नाहीत? मी ह्यांना सांगितलं, "एकदा मावशींना गाठते. त्यांनाही आता माझी गरज उरली नसेल, तर त्याच दिवशी साइट बंद."

नंबर नव्हता. पण एका कमेंटीत त्यांनीच लिहिलं होतं, कवा आलासा तर कॉलनीत दवाखान्याच्या मागं इचारा. मे महिन्यात एके दिवशी पहाटेची एसटी धरली. कराडला बदलली, पाटणच्या पुढची वळणं संपता संपेनात. दवाखान्यामागे विचारलं तर एका पोरीनं लगेच बोट दाखवलं. मावशी पायरीवर बसून सांडगे उलटत होत्या. जिवंत! ठणठणीत! मी रस्त्यातूनच ओरडले, "मावशी, मी सांगलीची, चटणीवाली!"

"आगं बया! ताई!" त्या उठल्याच. हाताचं पीठ माझ्या गालाला लागलं. "आज सोता आलासा व्हय? कालच तर बोललू आपुन!"

"काल?"

"काल न्हवं का? सांडग्याचं इचारलं मी. रोजच इचारती की तुमाला." त्यांनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला. नातीनं गेल्या वर्षी त्यात ते यंत्र घालून दिलं होतं, लिहायची कटकट नको, नुसतं बोललं की झालं. मावशींनी बटण दाबलं. "ताई, सांडगं किती दिस वाळवू?"

एक गोड बाई आतून बोलली. सांडगे कडकडीत वाळेपर्यंत उन्हात ठेवा म्हणाली, आणि शेवटी म्हणाली, "बरं का."

माझंच 'बरं का'!

"तुमी लय सुदारलासा, ताई," मावशी कौतुकानं म्हणाल्या. "आदी चूक काडली की भांडायचा. आता वरीसभर मी इतक्या चुका काडून दिल्या, हर खेपंला म्हंता, 'तुमचं अगदी बरोबर आहे, धन्यवाद.'"

मी त्यांना पायरीवर बसवलं आणि सांगितलं. ती मी नव्हे. ते यंत्र आहे, माझं वाचून बोलतं. तुम्ही सांगितलेलं माझ्यापर्यंत काहीच आलेलं नाही. त्यांना पटायला वेळ लागला. फोनकडे बघत त्या म्हणाल्या, "मग वरीसभर मी कुनासंगं बोलत हुते?"

मला रडू फुटेल असं वाटलं, पण त्याहून जास्त घाई सुटली होती. साइट बंद करायचं माझ्या डोक्यातून कधीच गेलं होतं. वर्षभराच्या चुका! फोनात बघितलं तर बोललेलं काही साठत नव्हतं, पण बाई तर समोर होती! मी पिशवीतून वही काढली. "मावशी, सांगा. काय काय काढलंत, सगळं परत सांगा. आज भांडतेच मी तुमच्याशी."

त्याही खुलल्या. "मीठ! मीठ तसंच घालाय न्हाई पायजे. आमच्याकडं हवंत पानी असतंय. कडईत भाजायचं, मग घालायचं." लिहिलं. "आनी बरनीत तळाला बी हिंगाचा खडा पायजे आनी वर बी. तुमी नुसता वर म्हनालासा." लिहिलं. मी पुढच्या ओळीवर पेन टेकवलं.

मावशींनी डोळे मिटले, बोटं मोजली, डोळे परत उघडले.

"लय हुतं आनी," त्या म्हणाल्या. "पन आटवंना. आवं, सांगून टाकलं न्हवं तुमाला? म्हनलं, ताईनं घेतलं लिवून, आता आपुन कशाला ध्यानात ठिवायचं."

परतीची एसटी सुटायची वेळ होईपर्यंत त्या आठवत राहिल्या आणि मी पेन धरून बसले. तिसरी ओळ आली नाही.